दर वेळी तीच चूक



स्मृतिव्याख्यानाला विषय मोठा घ्यावा असा संकेत आहे. मी घेतलेला विषय मुठीत मावतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्यांची उभी हयात टूलरूममध्ये गेली. हा विषय त्यांना परका वाटला नसता, एवढाच आधार मी घेतो.

मोजमापाच्या खोलीत एक यंत्र असते. काळ्या ग्रॅनाइटचे टेबल, त्यावर हवेच्या पातळ थरावर सरकणारा पूल, पुलातून खाली येणारी उभी भुजा. कारखान्यात याला सगळे सीएमएम म्हणतात. त्या भुजेच्या टोकाला टच प्रोब बसवलेला असतो. प्रोबमधून एक बारीक दांडी बाहेर आलेली असते, ती स्टायलस. आणि स्टायलसच्या टोकाला कृत्रिम माणकाची गोळी. गोळी जॉबला, म्हणजे मोजायच्या भागाला, टेकली की प्रोबमधून सिग्नल निघतो, त्या क्षणी यंत्राच्या तिन्ही अक्षांवरच्या पट्ट्या वाचल्या जातात आणि पडद्यावर तीन आकडे येतात. एक स्पर्श, तीन आकडे. असे पाच-पंचवीस स्पर्श झाले की संगणक सांगतो, बोअर, म्हणजे भागातले भोक, इतक्या व्यासाचा, इतका गोल, कडेपासून इतका दूर. मग पास किंवा रिजेक्ट.

आता मला विचारायचे आहे ते हे. गोळी टेकली, हे यंत्राला नेमके केव्हा कळते? टेकल्याबरोबर? की टेकून थोडे पुढे गेल्यावर? आणि पुढे गेल्यावर कळत असेल, तर किती पुढे? पन्नास वर्षे उत्तमोत्तम इंजिनिअर या प्रश्नाच्या मागे लागलेले आहेत. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासून बघता येईल. टच प्रोबची अचूकता वाढली ती चूक दर वेळी तीच आणि तेवढीच व्हावी यासाठी घेतलेल्या मेहनतीमुळे. ठरलेली चूक वजा करता येते. जी चूक आज दोन मायक्रॉन, उद्या पाच आणि परवा शून्य, तिच्यापुढे संगणकही हात टेकतो.

चला १९७२ सालात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलजवळ फिल्टन इथे रोल्स-रॉइसचा कारखाना होता आणि तिथे काँकॉर्ड विमानाच्या ऑलिम्पस इंजिनाचे काम चालले होते. इंजिनाच्या इंधनाच्या नळ्या बारीक आणि वळणावळणांच्या. त्यांचे माप घ्यायचे होते. मोजयंत्रे तोवर आलेली होती. स्कॉटलंडमध्ये फेरांटी कंपनीने पन्नाशीच्या दशकात त्यांची सुरुवात केली होती, इटलीत तुरीनच्या डीईए कंपनीची यंत्रे १९६३ पासून येत होती. पण प्रोब म्हणून त्यांना असायचा तो धातूचा एक घट्ट, न हलणारा तुकडा. माणूस तो हाताने जॉबला टेकवायचा आणि आकडा वाचायचा. बारीक नळीला असा घट्ट प्रोब टेकवला तर काय होईल? नळीच सरकेल. आणि टेकवायचे तरी किती जोराने? सकाळचा हात वेगळा, जेवणानंतरचा वेगळा, दुसऱ्या पाळीतल्या माणसाचा आणखी वेगळा. या प्रत्येक फरकाचे मायक्रॉन आकड्यात मिसळायचे आणि मागाहून ते कोणालाच वेगळे काढता यायचे नाहीत.

फिल्टनला डेव्हिड मॅकमर्ट्री नावाचे डब्लिनमध्ये जन्मलेले इंजिनिअर होते. त्यांनी घरीच एक प्रोब बनवला. टेकल्यावर मागे झुकणारा, सोडल्यावर पुन्हा मूळ जागी येऊन बसणारा. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, आपले सहकारी जॉन डीअर यांच्याबरोबर त्यांनी रेनिशॉ ही कंपनी काढली. मॅकमर्ट्री २०२४ च्या डिसेंबरात गेले. स्मृतिव्याख्यानाच्या या सभेत त्यांचे नाव आदराने घेऊनच पुढे जाऊ या.

झुकणारा प्रोब बनवणे अवघड नाही. स्प्रिंग लावली की झाले. अवघड आहे ते परत येणे. हजार वेळा झुकला तरी हजार वेळा गोळी त्याच बिंदूवर परत आली पाहिजे, तीही मायक्रॉनच्या आत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे मागच्या रांगांसाठी सांगतो. कसे साधायचे हे?

घरातली तिवई आठवा. जमीन कितीही खडबडीत असो, तिवई डुगडुगत नाही. चार पायांचा चौरंग डुगडुगतो, कारण चार पायांपैकी कुठले तीन जमिनीला टेकतील हे ठरलेले नसते. हाच विचार पुढे न्या. एखादी घन वस्तू सहा प्रकारे हलू शकते. तीन दिशांना सरकते, तीन अक्षांभोवती फिरते. तिला योग्य जागी नेमक्या सहा बिंदूंनी धरले की तिची जागा एकच उरते. पाचांनी धरले तर ती हलेल. सातांनी धरले तर त्यांतले कुठले सहा खरोखर टेकले आहेत याचा भरवसा नाही. एकोणिसाव्या शतकात मॅक्सवेल आणि लॉर्ड केल्व्हिन यांनी प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी हे तत्त्व मांडले आणि वापरले. मॅकमर्ट्रींच्या प्रोबमध्ये स्टायलसच्या मुळाशी तीन आडवे दंडगोल आहेत, एकमेकांपासून १२० अंशांवर. प्रत्येक दंडगोल दोन छोट्या गोळ्यांच्या मधल्या खाचेत बसतो. तीन दुणे सहा. वरून एक स्प्रिंग त्यांना दाबून धरते.

आणि आता खरी कल्पकता. या सहाही ठिकाणांतून वीज एकापाठोपाठ एक वाहत असते. माणकाच्या गोळीला धक्का लागून एखादा दंडगोल उचलू लागला की त्या ठिकाणचा स्पर्श आकसतो, विजेला होणारा विरोध वाढतो, आणि तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की सिग्नल निघतो. सांधा पूर्ण सुटण्याचीही वाट बघावी लागत नाही. बसायची जागा आणि स्पर्शाची जाणीव, दोन्ही एकाच सांध्यात! इतक्या कमी भागांत इतके काम करणारी रचना यंत्रशास्त्रात फार थोड्या वेळा सापडते. विद्यार्थी मित्रहो, एखादा बाद झालेला प्रोब मिळाला तर तो उघडून हे सहा बिंदू एकदा डोळ्यांनी बघाच.

इथवर हाताची चूक गेली. टेकवणारा कोण, सकाळ की संध्याकाळ, हे प्रश्न संपले. पण त्यांच्या जागी दुसरी चूक आली, आणि आजच्या व्याख्यानात मला सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यायचा आहे.

गोळी जॉबला टेकली. दंडगोल लगेच उचलला जातो का? नाही. स्प्रिंगचा दाब आधी ओलांडावा लागतो. तेवढा जोर साठेपर्यंत यंत्र पुढे सरकतच असते आणि स्टायलस वाकत असतो. टेकल्यापासून सिग्नल निघेपर्यंत यंत्र जेवढे पुढे गेले, ते प्रीट्रॅव्हल. म्हणजे ज्या क्षणी यंत्र म्हणते ‘आत्ता टेकलो’, त्या क्षणी ते प्रत्यक्षात थोडे पुढे गेलेले असते.

थोडे म्हणजे किती? हिशेब तोंडीच करू. १० ग्रॅम वजनाएवढा जोर धरा. टंगस्टन कार्बाइडची दीड मिलिमीटर जाडीची दांडी धरा. ती २० मिलिमीटर लांब असेल तर टोक सुमारे २ मायक्रॉन वाकते. तीच दांडी आता ५० मिलिमीटरची घ्या. लांबी अडीच पट झाली. वाकणे किती पट व्हावे? अडीच पट? टोक वाकते सुमारे २८ मायक्रॉन! कारण वाकणे लांबीच्या घनाने वाढते. आणि दांडी कार्बाइडऐवजी पोलादाची असेल तर त्याच्याही तिप्पट, ऐंशीच्या पुढे. खोल बोअर आला की शॉपमध्ये आपण सहज सांगतो, “लांब स्टायलस लाव रे.” त्या एका वाक्यासरशी काय पदरात पडते, ते या आकड्यांत आहे. जाडीचा हिशेब याच्याही पुढचा. जाडी दुप्पट केली की वाकणे सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणून स्टायलस जमेल तितका आखूड, जमेल तितका जाड, आणि त्यात जोड कमीत कमी.

कोणी म्हणेल, २८ तर २८. दर वेळी २८ असतील तर वजा करा, संपले. तत्त्व अगदी बरोबर आहे. पण दर वेळी २८ नसतात, आणि त्याचे कारण त्याच तिवईत आहे. तिवईला बाजूने ढकला. पायाच्या दिशेने ढकललीत तर ती त्या एका पायावर कलते. दोन पायांच्या मधल्या दिशेने ढकललीत तर त्या दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवर कलते. ही रेषा मध्यापासून, पायाच्या अंतराच्या बरोबर निम्म्यावर असते. म्हणून एका दिशेला कलवायला दुसरीच्या दुप्पट जोर लागतो. प्रोबमध्ये तीन पाय आहेत, म्हणून तीन दिशा जड आणि त्यांच्या मधल्या तीन दिशा हलक्या. जोर दुप्पट तर वाकणे दुप्पट. एका दिशेला २८ मायक्रॉन असतील तर तिथून ६० अंशांवर १४.

याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. एक उत्तम रिंग गेज घ्या, ज्याची गोलाई प्रमाणपत्राने सिद्ध आहे. त्याच्या आतून सगळीकडून बिंदू घ्या आणि आलेख मोठा करून बघा. कोपरे गोलसर झालेला त्रिकोण दिसेल. रिंग गोल, आलेख त्रिकोणी. मोजमापाच्या क्षेत्रात याला लोबिंग म्हणतात. प्रोबच्या पोटातले तीन पाय त्या कागदावर उमटलेले असतात.

यावरून होणारी भांडणे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि काहींमध्ये मध्यस्थ म्हणूनही बसलो आहे. एकाचे स्वरूप सांगतो. पुणे परिसरातल्या मंडळींना ते ओळखीचे वाटेल. एक लहान व्हेंडर एका मोठ्या ग्राहकाला ॲल्युमिनियमची हौसिंग्ज पुरवत होता. बोअरची गोलाई १० मायक्रॉनच्या आत हवी होती. व्हेंडरच्या रिपोर्टवर ५, ग्राहकाच्या रिपोर्टवर १३. लॉट परत. दोन्ही यंत्रांची कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रे चालू होती. खोटे कोणीच बोलत नव्हते. ग्राहकाकडे एकाच सेटिंगमध्ये सगळा भाग मोजता यावा म्हणून लांब स्टायलस लावलेला होता, आणि व्हेंडरकडे आखूड. त्या १३ मध्ये बोअर किती आणि प्रोबची तिवई किती, हे रिपोर्टवर कुठेच लिहिलेले नव्हते.

उलटेही घडते, आणि ते जास्त धोक्याचे आहे. वेळ वाचवायला बोअरमध्ये तीनच बिंदू घेतले तर? तीन बिंदूंतून वर्तुळ नेहमीच तंतोतंत जाते. गोलाईची चूक शून्य! आणि ते तीन बिंदू १२० अंशांवर असतील, तर तिन्ही सारख्याच प्रकारच्या दिशांना पडतील, जड तर तिन्ही जड, हलक्या तर तिन्ही हलक्या. व्यास चुकेल आणि चुकल्याची खूणही राहणार नाही. असा रिपोर्ट दिसायला देखणा असतो.

मग अशा वादात शंका कोणाच्या खात्यावर मांडायची? आंतरराष्ट्रीय मानकाने याचे उत्तर दिलेले आहे आणि मला ते न्याय्य वाटते. भाग बरोबर आहे असे ज्याला सिद्ध करायचे आहे, त्याने आपल्या मोजमापाची अनिश्चितता टॉलरन्समधून, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेतून, कापून घ्यायची. भाग चुकला आहे असे ज्याला म्हणायचे आहे, त्याने ती टॉलरन्सच्या पलीकडे सोडायची. या नियमाने बघितले तर त्या ग्राहकाला १३ च्या आधारावर लॉट परत पाठवता येत नव्हता, कारण त्याच्या प्रोबची स्वतःची अनिश्चितता त्या तीन मायक्रॉनपेक्षा मोठी होती. लहान व्हेंडरला हे माहीत नसते. माहीत असले तरी मोठ्या ग्राहकापुढे बोलायचा धीर होत नाही. माझे स्पष्ट मत आहे, ज्या रिपोर्टवर प्रोबचा प्रकार, स्टायलसची लांबी आणि बिंदूंची संख्या लिहिलेली नाही, त्यावर कोणीही सही करू नये, देणाऱ्यानेही नाही आणि घेणाऱ्यानेही नाही.

आता या चुकीला आवर कसा घातला ते पाहू. पहिली पायरी रोजच्या सवयीची, मास्टर बॉलवर कॅलिब्रेशन. व्यास ठाऊक असलेला एक उत्तम गोल टेबलावर बसवायचा, त्याला सगळीकडून स्पर्श करायचे आणि त्यावरून आपल्या माणकाच्या गोळीचा व्यास काढायचा. गोळी असते ४ मिलिमीटरची आणि पडद्यावर येते ३.९८०. नवा मुलगा हमखास विचारतो, “सर, गोळी झिजली का?” झिजलेली नाही. दोन्ही बाजूंचे दहा-दहा मायक्रॉनचे प्रीट्रॅव्हल त्या आकड्याने पोटात घेतले. गोळीचा खरा व्यास इथे कोणाला हवा आहे? हवा आहे तो या प्रोबने, या स्टायलसने, या वेगाने टेकल्यावर जेवढा वाटतो तेवढा व्यास. म्हणूनच मोजताना वेग बदलला, जोर बदलला, प्रोब दुसऱ्या कोनात वळवला, की जुने कॅलिब्रेशन लागू पडत नाही. प्रत्येक कोनाचे वेगळे करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

हे झाले सरासरीचे. लोबिंग त्यातून जात नाही, कारण एकच आकडा सगळ्या दिशांना लावला जातो. म्हणून दुसरी पायरी. मास्टर बॉलला कितीतरी दिशांनी टेकायचे, प्रत्येक दिशेचे प्रीट्रॅव्हल वेगळे नोंदवायचे, आणि मोजताना ज्या दिशेने टेकलो त्या दिशेची दुरुस्ती वापरायची. चुकीचा नकाशाच तयार करायचा म्हणा ना. हा नकाशा उपयोगी पडतो, कारण मॅकमर्ट्रींच्या सहा बिंदूंमुळे गोळी दर वेळी त्याच जागी परत येते. ते परत येणे ढिले असते, तर नकाशा काढणार कशाचा?

तिसरी पायरी मुळावरच घाव घालणारी. जागेवर बसवण्याचे काम सहा बिंदूंकडेच ठेवायचे, पण स्पर्श ओळखण्याचे काम त्यांच्याकडून काढून घ्यायचे. प्रोबमध्ये स्ट्रेन गेज बसवले. स्टायलसवर जरा जोर आला की गेजच्या पट्टीला सूक्ष्म ताण बसतो आणि तिचा विद्युत रोध बदलतो. सांधा उचलण्याच्या कितीतरी आधी, कितीतरी कमी जोरात सिग्नल मिळतो. वेगवेगळ्या गेजचे सिग्नल एकत्र केल्यामुळे दिशेचा भेदही जवळजवळ नाहीसा होतो. जोर कमी म्हणून वाकणे कमी, म्हणून लांब स्टायलसही चालतो.

पण फुकट काही मिळत नाही. इतका हळवा प्रोब यंत्राच्या हिसक्यानेही जागा होतो, शेजारून फोर्कलिफ्ट गेली तरी जागा होतो. हवेतच सिग्नल! म्हणून सर्किटमध्ये थोडी वाट बघण्याची सोय करतात. सिग्नल टिकला तर खरा, नाहीतर हिसका. या वाट बघण्यात यंत्र पुढे जाते. समजा वेग सेकंदाला ८ मिलिमीटर आणि विलंब एक मिलिसेकंद. झाले ८ मायक्रॉन. म्हणजे चूक पुन्हा वाढली? वाढली. पण विलंब ठरलेला, वेग ठरलेला, म्हणून हे ८ मायक्रॉनही ठरलेले; कॅलिब्रेशनमध्ये ते सहज वजा होतात. मघाशी मी जे म्हणालो ते इथे उघड दिसते. नव्या प्रोबने आपल्या अंगावर एक चूक जाणूनबुजून घेतली, कारण ती ठरलेली होती, आणि जिचा भरवसा नव्हता ती चूक सोडली.

स्कॅनिंग प्रोबचा, म्हणजे जॉबवरून सरकत सलग मोजणाऱ्या प्रोबचा, विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, तो दोन वाक्यांत उरकतो. रेनिशॉ सुरू झाली त्याच १९७३ मध्ये जर्मनीतल्या ओबरकोखेनच्या झाइस कंपनीने यूएमएम ५०० हे यंत्र आणले, आणि त्याचा प्रोब नुसता ‘टेकलो’ न सांगता ‘किती सरकलो’ हेही सांगत होता. अलीकडच्या एका रचनेत तर स्टायलस पोकळ ठेवून त्यातून लेझरचा किरण थेट टोकापर्यंत सोडतात आणि टोक किती वाकले तेच मोजतात.

काही गोष्टी प्रोबच्या बाहेरच्या आहेत, पण त्यांचा दोष प्रोबवर येतो. तापमान घ्या. जगभर मापे २० अंश सेल्सिअसला धरली जातात, १९३१ पासून. पोलादाचा एक मीटर एका अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. रात्री वीज वाचवायला मोजमापाच्या खोलीचा एसी बंद ठेवणारे आणि सकाळी आठला पहिला जॉब लावणारे कारखाने मी पाहिले आहेत. ग्रॅनाइटचा तो दगड आठ वाजता अजून रात्रीच्याच तापमानात असतो. स्पर्शाची दिशा घ्या. पृष्ठभागाला काटकोनात न टेकता ५ अंश तिरके टेकले, आणि संगणकाने गोळीची त्रिज्या चुकीच्या दिशेने जोडली, तर ४ मिलिमीटरच्या गोळीला साडेसात मायक्रॉनची चूक होते. महागडा प्रोब घेऊन यातले काहीही सुटत नाही.

आणि स्वच्छता. ॲल्युमिनियमचे जॉब दिवसभर स्कॅन करणाऱ्या स्टायलसची गोळी भिंगाखाली धरा. लाल माणकावर एक फिकट, चंदेरी चकंदळ दिसेल. ते जॉबचेच ॲल्युमिनियम, घासून घासून गोळीवर चढलेले. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून बघावे. तेवढ्याने निघेलच असे नाही, मग गोळी बदलायची. ॲल्युमिनियम सतत स्कॅन करायचे असेल तर सिलिकॉन नायट्राइडची गोळी वापरावी, ती हे चिकटू देत नाही. चिकटलेला थर रोज वाढतो, आणि रोज वाढणारी चूक ठरलेली नसते. सकाळच्या कॅलिब्रेशनला ती दुपारी सापडत नाही.

आता शेवटचा मोठा प्रश्न. आपण सगळा भार मास्टर बॉलवर टाकला. तो गोल आहे हे कोणी सांगितले? त्याच बॉलवर प्रोब कॅलिब्रेट करायचा आणि त्याच बॉलवर प्रोब बरोबर आहे असे सिद्ध करायचे, हे चालणार नाही. सीएमएम तपासणाऱ्या मानकाने ही पळवाट बंद केली आहे. प्रोबची परीक्षा दुसऱ्या गोलावर, २५ ठरवलेल्या बिंदूंवर घ्यायची, आणि त्या बिंदूंच्या त्रिज्यांत जो फरक येईल तो उघडपणे सांगायचा. पण त्या दुसऱ्या गोलाचे काय? सूक्ष्म भाग मोजणाऱ्या यंत्रांत हा प्रश्न फार टोकदार होतो. तिथे गोळ्या मिलिमीटरहूनही लहान असतात, स्पर्शाचा जोर ग्रॅमच्या अंशांत असतो, आणि गोळीचाच गोलपणा ही सर्वांत मोठी चूक ठरते.

यावरचे उत्तर मला विलक्षण वाटते. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४० च्या सुमारास सपाट पृष्ठभागांबद्दल ते लोकांपुढे मांडले. सपाट प्लेट तयार करायची आहे आणि जवळ एकही सपाट प्लेट नाही. काय कराल? दोन प्लेट एकमेकींवर घासल्या तर त्या जुळतील, पण एक फुगीर आणि दुसरी खोलगट राहूनही जुळतील. तीन घ्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिन्ही जोड्या जुळायच्या तर तिन्ही सपाट असल्याच पाहिजेत. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय मापन संस्थेत सूक्ष्म प्रोबच्या गोळ्यांना याच विचाराची पद्धत लावली गेली. तीन गोळ्या, तिन्हींचा आकार अज्ञात. प्रत्येक जोडी एकमेकींवर मोजायची. जोड्या तीन, अज्ञात तीन. समीकरणे सोडवली की प्रत्येक गोळीची चूक वेगळी हातात येते. परिपूर्ण गोल जगात कुठेच नाही, आणि तरीही तीन अपूर्ण गोळ्यांकडून गोलपणाचे माप मिळते.

विद्यार्थी मित्रहो, यातले काही तुम्हाला आपल्याच कॉलेजच्या किंवा कारखान्याच्या सीएमएमवर करून बघता येईल, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. साध्या सहा बिंदूंचा प्रोब घ्या. त्याला हाताशी असलेला सर्वांत लांब स्टायलस लावा आणि नीट कॅलिब्रेट करा. टेबलावर एक रिंग गेज बसवा आणि दर १० अंशांवर एक, असे ३६ बिंदू घ्या. आलेख काढा. मग रिंग न उचलता जागच्या जागी ६० अंश फिरवा आणि तेच ३६ बिंदू पुन्हा घ्या. दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. त्रिकोण रिंगबरोबर फिरला असेल तर तो रिंगचा आहे, ती तपासायला पाठवा. त्रिकोण होता तिथेच राहिला असेल तर तो तुमच्या प्रोबचा आहे. त्याची उंची मायक्रॉनमध्ये मोजा, कागदावर तारीख आणि स्टायलसची लांबी लिहा, आणि तो कागद यंत्राशेजारी भिंतीवर लावा. मग स्टायलस निम्म्या लांबीचा लावा, पुन्हा कॅलिब्रेट करा आणि पुन्हा मोजा. दुसरा कागद पहिल्याच्या शेजारी लावा.